शेजारची वाटी

आई गेल्यावर आमच्या घरात वास यायला लागला. रोज यायचा नाही. थंडी पडली, संध्याकाळी हीटर लावला, की थोड्या वेळाने बैठकीच्या खोलीत तिच्या खुर्चीच्या आसपास यायचा. तिच्या तेलाचा वास होता तो. हिरवा, कडसर, नाकातून थेट कपाळात चढणारा. बाबा हातातलं काम थांबवायचे, मान वर करायचे आणि हळूच म्हणायचे, "आली."

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फटकन बोलून गेले. "आली काय, बाबा? खुर्चीच्या लाकडात तेल मुरलंय. ऊब लागली की बाहेर पडतं."

"लाकूड काय पितं ते मला शिकवू नकोस," बाबा म्हणाले.

तेही बरोबरच होतं. बाबांचा जन्म गेला खुर्च्या-सोफ्यांना गाद्या चढवण्यात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा कारखाना. तिथे फोमचे तुकडे, तागाचे पट्टे, स्प्रिंगा, कापडाची ठाणं, आणि कुणाचा ना कुणाचा पोट फाडून ठेवलेला सोफा. काम करताना ते बारीक खिळे तोंडात धरतात, जिभेने एकेक पुढे आणतात आणि हातोडीच्या चुंबकावर टेकवतात. त्यामुळे हा माणूस अबोल आहे असा सगळीकडे समज. खरी गोष्ट अशी की बोलायचं नसलं की ते तोंडात खिळे भरतात. आई म्हणायची, "यांच्याशी भांडायचं तर आधी खिळे काढून घ्यावे लागतात."

तर त्या खुर्चीचं कापड बाबांनी बदललं. वास आला. मग फोम बदलला, पट्टे बदलले, शेवटी सांगाडा उघडा करून उन्हात ठेवला आणि पुन्हा सगळं चढवलं. त्या संध्याकाळी हीटर लावून आम्ही दोघं समोर बसलो. बाबा खुर्चीकडे बघत होते आणि मी बाबांकडे. वास आला. बाबांच्या चेहऱ्यावर भीती होती की सुटका होती ते मला कळलं नाही, पण त्यानंतर त्यांनी त्या खुर्चीला हात लावला नाही.

तेलाची गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या मागच्या कुंपणाला एक झुडूप आहे. त्याचं नाव रोपवाटिकेतल्या माणसाने एक सांगितलं आणि माझ्या ऑफिसातल्या वनस्पतीवाल्या बाईंनी दुसरंच सांगितलं. आम्ही त्याला आईचं झुडूप म्हणायचो. थंडीच्या तोंडावर आई त्याची पानं ओरबाडायची, जुन्या कुकरमध्ये घालायची, शिट्टीच्या जागी बाबांनी बसवून दिलेली तांब्याची नळी थंड पाण्याच्या बादलीतून न्यायची, आणि दिवसभर राखण करत बसायची. वर्षाकाठी एक छोटी बाटली निघे. मग थंडीभर रोज झोपताना उशीवर थेंब. या घरात कधी कुणाला फ्लू झाला नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. झाला की ती त्याला सर्दी म्हणायची.

आणि मी काम करते विषाणूंच्या प्रयोगशाळेत. झाडांची सुगंधी तेलं फ्लूच्या विषाणूला आवरतात का, हे बघायचं आमचं काम. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आईला याची फार गंमत वाटायची. "तुला पगार देऊन करायला लावतात ते मी फुकट करते," असं ती पोस्टातल्या मैत्रिणींना सांगायची. ती पोस्टाच्या खिडकीवर बसायची.

मागच्या थंडीत त्या वासाने बाबांची डोकेदुखी वाढली. एका रात्री ते उशी घेऊन उठून बसले आणि म्हणाले, "हे तेल तरी ठेव नाहीतर मला तरी." आई हसली, म्हणाली, "तुम्ही जुने आहात, तुम्हाला ठेवते," आणि दुसऱ्या दिवशी बाटली स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात ठेवून दिली. मग ती साथ आली. सगळं शहर खोकत होतं. बाबांनाही दोन दिवस कणकण होती, पण ते डोक्याला फडकं बांधून सोफे ठोकत राहिले. त्यानंतर आई पडली. ताप छातीत उतरला, दवाखान्यात नेलं, नाकाला नळी लावली. माझी आई त्या नळीतून श्वास घेता घेता थकली आणि गेली.

बाबा रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी बाटली वर ठेवायला लावली." तेव्हापासून ते त्यांच्या खोलीत झोपले नाहीत. पुढच्या खोलीतल्या कारखान्यात, दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी सोफ्यावर अंगाची मुटकुळी करून पडायचे. एक सोफा परत गेला की दुसरा यायचा. आमचे बाबा स्वतःच्या घरात बिऱ्हाडकरू झाले.

मी समजावलं नाही असं नाही. पण समजावण्याला उत्तर म्हणून एका रविवारी सकाळी त्यांनी मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली ती बाटली माझ्यापुढे ठेवली.

"तपास."

"बाबा, असं एका बाटलीवरून..."

"तुमच्याकडे तेलं तपासतात ना? हेही तेलच आहे. काय असेल ते सांग. उपयोगाचं असेल तर उपयोगाचं सांग. गोड बोलायचं नाही. या घरात फटकळ तूच एक उरलीस."

मी बाटली घेतली. उपयोगाचं ठरलं तर काय होणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग बाबा आयुष्यभर त्या सोफ्यांवरच झोपणार होते. माझ्या आईचं तेल फुकट ठरावं, साफ कुचकामी ठरावं, असं मला वाटत होतं, आणि असं वाटणं मला बोचत होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारलं. आमच्या मॅडम वरून कडक आहेत. त्यांनी कारण विचारलं नाही, "पुढच्या प्लेटमध्ये एक रांग घे," एवढंच म्हणाल्या.

आमचं काम असं चालतं. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून फार पूर्वी काढलेल्या आणि तेव्हापासून बाटल्यांमध्ये वाढवत आणलेल्या पेशी असतात. त्या प्लास्टिकच्या चपट्या प्लेटमधल्या नखाएवढ्या वाट्यांमध्ये वाढवायच्या. वाटीच्या तळाला त्यांची साय धरली की त्यांच्यावर फ्लूचा विषाणू सोडायचा, आणि सोबत तेल. तेल एका टोकाला घट्ट, मग पातळ करत करत दुसऱ्या टोकाला जवळजवळ नाहीच. वर झाकण ठेवायचं, प्लेट उबेच्या कपाटात सारायची आणि वाट बघायची. शेवटी जांभळा रंग ओतून धुवायचा. पेशी जगल्या असतील तर वाटी जांभळी राहते. विषाणूने खाल्ल्या असतील तर रंग वाहून जातो आणि वाटी कोरी. तेल फार झालं तर विषाणूच्या आधी तेलच पेशींना मारतं, म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी आणि रोगी दगावला. कडेच्या दोन रांगांत तेल नसतंच, फक्त विषाणू. त्या रांगा मरायला हव्यात. त्या मेल्या तरच बाकीच्यांचं जगणं खरं धरता येतं.

आईच्या तेलाला मी रांग दिली. तिच्या शेजारी दालचिनीच्या तेलाची रांग होती, आणि दालचिनीच्या पलीकडे तेल नसलेल्या त्या दोन रांगा, एक आतली, एक कडेची. मी मनात म्हणत होते, आई, या खेपेला हर.

रंग धुतल्यावर प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवली. आईची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी होती.

मी खुर्चीवर बसले. सगळ्यात पातळ वाटीसुद्धा जांभळी. म्हणजे उशीवरचा एक थेंबही पुरला असता. आई बोलत होती ते खरं होतं, आणि बाबा बोलत होते तेही.

शेजारच्या टेबलावर काम करणारा माझा सहकारी कधी येऊन उभा राहिला ते कळलं नाही. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका असते. लग्नाच्या मांडवातही त्याने विचारलं असेल, नक्की हीच का म्हणून.

"पातळ वाटीही एवढीच जांभळी?" तो म्हणाला. "घट्टला आणि पातळला काहीच फरक नाही? तू त्यात तेल घातलंस की तेलाची नुसती आठवण?"

"जांभळी आहे ना. दिसतंय ना तुला."

"दिसतंय. हेही दिसतंय." त्याने बोट ठेवलं. तेल नसलेल्या दोन रांगांपैकी कडेची कोरी होती, मेलेली, जशी हवी तशी. पण आतली जांभळी होती. "ही का जिवंत आहे? हिच्यात तर काहीच नाही."

"माझा हात चुकला असेल. विषाणू सोडायचा राहिला असेल."

"तुझा हात?" तो म्हणाला, आणि माझा चेहरा बघून त्याला वाटलं थट्टा करावी. "मग भूत असेल."

मी हसले नाही. तो खांदे उडवून गेला. त्याचं काय चुकलं? त्याला माझ्या घरचं काहीच माहीत नव्हतं.

मी सगळं पुन्हा केलं. तशीच प्लेट, त्याच रांगा, तेच शेजार. एकेक थेंब तोंडाने म्हणत म्हणत सोडला, म्हणजे चुकायला नको. पुन्हा आईची रांग जांभळी. पुन्हा ती आतली रांग, जिच्यात विषाणूशिवाय काहीही नव्हतं, जिवंत.

आता मी मुळात देवा-भुतांना भीक घालणारी बाई नाही. पण त्या दिवसांत मी घाबरले होते, हे सांगायला लाज कसली. मास्क लावला की मास्कमध्ये तो वास यायचा. हातमोजे काढले की बोटांना यायचा. उबेच्या कपाटाचं दार उघडलं की आतून एक ऊबदार श्वास तोंडावर यायचा आणि त्यात ती असायची. मी कपाटाच्या दारात उभी राहायची आणि वाटायचं, आत कुणीतरी एकेका वाटीवर वाकून बघतंय. आईची सवयच होती ती. आम्ही झोपलो की येऊन वाकून बघायची, पांघरूण सरकलंय का.

त्या रिकाम्या रांगेवरही तीच वाकली होती, असं मला वाटायला लागलं. जिला कुणी काही दिलं नव्हतं तिलाही तिने वाचवलं होतं. मग स्वतःला का नाही वाचवलं? एवढं सगळं माझ्या डोक्यात, आणि हातात पिपेट.

घरी बाबा काही विचारत नव्हते. मी आत शिरले की ते माझ्या हातांकडे बघायचे, जणू मी निकाल पिशवीतून आणणार होते. मी म्हणायची, "अजून चालू आहे." ते मान हलवायचे आणि तोंडात खिळे भरायचे. पण माझं ते 'चालू आहे' त्यांना कळत होतं. माझ्यासारखी माणसं खोटं बोलायला गेली की लगेच उघडी पडतात, सवय नसते ना. बाबांचं जेवण कमी झालं. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मला रात्री त्यांच्या हातोडीचा आवाज थांबला तरी भीती वाटायची, आणि चालू राहिला तरी.

एका संध्याकाळी हीटर लावून आम्ही बसलो होतो. बाबांनी मान वर केली. त्यांनी "आली" म्हणायच्या आधीच मीही मान वर केली होती. आमची नजरानजर झाली. आता या घरात शहाणं कुणी उरलं नाही, असं मला स्पष्ट वाटलं.

बाबा उठले. बहुधा मला धीर द्यावा म्हणून त्यांनी चहा केला आणि वरच्या कपाटातून बिस्किटांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मी बिस्किट चहात बुडवलं, तोंडात घातलं आणि थांबले.

"बिस्किटाला आईचं तेल लागलंय."

"हं."

"सांडलं होतं का त्यात?"

"सांडेल कशाला? बाटली शेजारी होती ना डब्याच्या, इतके दिवस." ते आपलं बिस्किट शांतपणे चावत होते. "साखरही तशीच लागते. त्या कपाटातलं सगळंच तसं लागतं."

"बाटलीला बूच होतं, बाबा. डब्याला झाकण आहे."

"असू दे की." मग थोडं थांबून म्हणाले, "दुसरा डबा आणलेला आहे. मी हाच खातो."

मला रडू आलं, ते आधी बाबांसाठी. या माणसाने त्या वासापायी तिला बाटली वर ठेवायला लावली होती, आणि आता तो चहाबरोबर तोच वास खात होता. डोळे पुसले, आणि मग त्या उरलेल्या बिस्किटाकडे बघत बसले. त्यात कुणी काही घातलं नव्हतं. ते नुसतं शेजारी होतं.

मी चहा तसाच ठेवून उठले. बाबांना वाटलं मला मळमळतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शंकासुराच्या टेबलावर ती प्लेट आपटली. "भूत सापडलं," मी म्हणाले. "दालचिनी आहे. झाकणाखालून उडून जाते. वाफ होते तिची आणि शेजारच्या वाट्यांत उतरते. माझ्या तेलाची रांग एका बाजूला, रिकामी दुसऱ्या बाजूला. दोघींना तिनेच वाचवलंय. कडेची लांब पडली म्हणून मेली."

"मी त्या दिवशी तेच म्हणणार होतो," तो म्हणाला.

"मग म्हणाला का नाहीस?"

"तू हसली नाहीस. म्हटलं, काहीतरी घरचं असणार."

उडून जाणारी तेलं एकाच झाकणाखाली शेजारी शेजारी ठेवायची ही चूक आमच्याच धंद्यात होऊ शकते. गोळ्या-औषधं तपासणारे असं करून खुशाल सुटतात, कारण गोळी उठून शेजारी जात नाही. आम्ही मात्र ज्याचा गुणच उडण्याचा, त्याला वाटीत बसवून वर सांगत होतो की बस इथेच. मॅडमनी कपाळावर हात मारला. आधीच्या कितीतरी प्लेटा आता पुन्हा कराव्या लागणार होत्या. पण पहिली प्लेट त्यांनी माझीच लावायला दिली.

या खेपेला आईच्या तेलाला स्वतंत्र प्लेट, स्वतंत्र कपाट, आणि वाट्यांवर घट्ट चिकटणारा पडदा. शेजार नाही. तिला एकटीला ठेवलं.

रंग धुतला आणि वाट्यांतून सगळा जांभळा वाहून गेला. घट्ट टोकापासून पातळ टोकापर्यंत कोऱ्या. तेल नसलेल्या वाट्याही कोऱ्या, तिच्याइतक्याच. आईच्या तेलाने एकही वाटी वाचवली नव्हती.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, उडी मारावी असा आनंद झाला. आणि मग त्या कोऱ्या रांगेकडे बघताना तो कुकर, ती बादली, दिवसभर राखण करत बसलेली ती बाई आठवली, आणि मी प्लेट उलटी करून ठेवली.

त्या संध्याकाळी बाबा कारखान्यात एका खुर्चीच्या पाठीला कापड ताणत होते. तोंडात खिळे होते. उरलेल्या तेलाची बाटली परत आणली होती, ती पिशवी मी कोपऱ्यात ठेवली, त्यांचा खिळे ठेवायचा खणाखणांचा ट्रे ओढला आणि समोर बसले.

"निकाल लागला, बाबा. तुम्ही म्हणालात तसं, गोड न बोलता सांगते. आईच्या तेलाने काही होत नाही. उशीवर अख्खी बाटली ओतली असती तरी काही झालं नसतं. तुम्ही ती वर ठेवायला लावलीत म्हणून काहीही झालेलं नाही."

बाबांनी हातोडी खाली ठेवली.

"आधी मला वाटलं, तेलाने होतं काहीतरी," मी म्हणाले. "म्हणून इतके दिवस गप्प होते. पण ती माझी चूक होती." आणि मी ट्रेच्या खणांवर बोट ठेवत त्यांना सगळं दाखवलं. हा खण आईचा. हा शेजारचा दालचिनीचा. हा त्याच्या पलीकडचा, ह्यात काहीच नाही. वर एकच झाकण. दालचिनी मधून उडाली आणि दोन्हीकडे गेली. मी उत्साहात होते. इतक्या महिन्यांनी मी त्यांना काहीतरी चांगलं सांगत होते, त्यामुळे मी फार बोलले. बिस्किटांचाही दाखला दिला.

बाबा त्या खणांकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंडातले खिळे काढायला सुरुवात केली. एकेक, ओले, तळहातावर. सगळे काढून झाले तेव्हा मला कळलं की आता ते बोलणार आहेत.

"म्हणजे त्या वाटीत काही घातलं नव्हतं," ते म्हणाले. "तिला जे लागलं ते शेजारच्याचं लागलं."

"हो."

"झाकण असून."

"हो, बाबा. तेच तर सांगतेय."

"फ्लूचंही तसंच असतं का?"

मी ट्रेवरचं बोट उचललं.

"मला आधी आली होती कणकण," बाबा म्हणाले. "दोन दिवस. तिच्या शेजारीच झोपलो होतो. तेलाचा वास नव्हता. इतकी छान झोप लागली होती मला."

कारखान्यात फोमच्या तुकड्यांशिवाय आम्ही दोघंच होतो. फ्लू बाबांकडूनच आईला गेला असू शकतो, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. रोज हेच काम करणाऱ्या बाईला ती ठाऊक नसेल कशी? बाबांना ती कधी सुचली नव्हती. ते तेलापाशी अडकले होते, आणि तेल मध्ये होतं तोवर त्यांना ती सुचणारही नव्हती. ते तेल मी माझ्या हाताने काढून घेतलं, आणि वर खण मांडून शिकवलं.

"सांगता येत नाही, बाबा," मी म्हणाले. "ती पोस्टाच्या खिडकीवर बसायची. अख्खं शहर तिच्या तोंडावर खोकत होतं. कुणाकडून आला हे कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही. कुठलीही प्रयोगशाळा नाही."

हे खरं होतं. यात एक शब्दही मी मऊ केलेला नव्हता. पण माझा आवाज मला ऐकू आला, आणि तो फटकळ नव्हता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी मी पडले की बघायचे तसं. "गोड बोलायला कधी शिकलीस तू?" ते म्हणाले.

"बाबा, खरंच सांगतेय."

"बरं."

त्यांनी तळहातावरचे खिळे ट्रेमध्ये टाकले. कुठल्या खणात पडले ते बघितलंही नाही. ते खुर्ची धरून उठले, माझ्या पिशवीजवळ गेले, त्यातून मखमलीची गुंडाळी काढली आणि बैठकीतून, आईच्या खुर्चीजवळून, त्यांच्या खोलीकडे गेले. इतक्या दिवसांनी त्यांनी ते दार उघडलं. मी मागोमाग गेले. पलंगावर दोन उशा तशाच होत्या. त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि आपल्या उशीवर तेल ओतलं. थेंब नाही, ओतलं. मग तिच्या उशीवर. मग ते भिंतीकडच्या त्यांच्या बाजूला, तिची जागा मोकळी सोडून, आडवे झाले.

वास एवढा उठला की माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

"डोकं दुखेल, बाबा."

"दुखू दे," ते म्हणाले. "दार लावून घे. तू इथे शेजारी थांबू नकोस."

मी दार लावून घेतलं आणि बाहेर जमिनीवर बसले. थोड्या वेळाने वास दाराखालून आला.